पांढऱ्या कापडामागे

दादांनी काढलेला वहिनींचा एकच फोटो आहे, आणि तो एका काळ्या गाडीच्या मागच्या दारात आहे. ही त्याच फोटोची गोष्ट. खरं तर ज्या बाईचा नवरा जन्मभर फोटो काढून पोट भरतो, तिच्या घरात तिच्या फोटोंचा खच पडायला हवा. पण दादा गाड्यांचे फोटो काढत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत गाड्या, जिन्याच्या भिंतीवर गाड्या, स्वयंपाकघराच्या दारामागेसुद्धा एक लाल गाडी. माणूस औषधालाही सापडायचा नाही. लग्नातले फोटो होते, पण ते दुसऱ्या कुणी काढलेले, आणि त्यांत वहिनींचे डोळे मिटलेले. "मला कुठून तरी चार चाकं बसवून आणा," वहिनी म्हणायच्या, "मग काढाल माझा फोटो." दादा हसायचे आणि भिंग पुसत राहायचे.

दादांची सुरुवात एका फोटो स्टुडिओत झाली होती. ओळखपत्राला लागणारे छोटे फोटो काढायचे. तिथे माणसांना ते इतके कंटाळले, की जुन्या गाड्या विकणाऱ्या एका मालकाने गाड्यांचे फोटो काढाल का विचारलं तेव्हा त्यांनी पुढचामागचा विचार केला नाही. कारण विचारलं तर सांगायचे, "माणूस हलतो. वर म्हणतो फोटोवाला वाईट आहे. गाडी हलत नाही आणि बोलत नाही."

मालकाचं आवार मोठं होतं. गाडी आली की आधी धुलाई, मग रंगाची डागडुजी, मग दादांपुढे उभी. गिऱ्हाईक आधी फोटो बघायचं आणि मगच आवारात पाऊल टाकायचं, त्यामुळे मालक दादांना तोंडावर कधी दुखवत नसे. आणि दादाही काम असं करायचे, की बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. ऊन असेपर्यंत कॅमेरा पिशवीबाहेर यायचा नाही. सूर्य खाली गेला की आभाळात जो मऊ उजेड थोडा वेळ टिकतो, तेवढाच त्यांचा. पुढची चाकं जराशी वळवायची, म्हणजे टायरची जाडी न दिसता चाकाचा चेहरा दिसतो. मग चांगलं लांब जायचं आणि हेडलाइटच्या उंचीला डोळा येईल इतकं खाली बसायचं, कारण जवळून काढला तर गाडीचं नाक सुजल्यासारखं येतं. समोरच्या काचेवरची चकाकी घालवायला भिंगावर फिरणारी एक काच असे. ती दादा इतकी हळू फिरवत, की वहिनींना घड्याळजीची आठवण यायची.

पण या सगळ्यापेक्षा मोठी कटकट होती प्रतिबिंबाची. "गाडीचा फोटो असा नसतोच," दादा म्हणायचे, "तिच्यासमोर जे उभं असेल त्याचा फोटो येतो." समोर भिंत असली तर दारावर भिंत. विजेचा खांब असला तर तो वाकडातिकडा होऊन बोनेटवर. आणि फोटो काढणारा स्वतः तर दाराच्या पोटात बसलेलाच असतो. म्हणून दादा डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालत. आजूबाजूला कुणी फिरकलं की ओरडत, "बाजूला व्हा!" झाडूवाला, चहावाला, गिऱ्हाईक, एकदा तर खुद्द मालक, कुणाचीही भीडभाड नाही. आवारात त्यांचं नावच 'बाजूला-व्हा' पडलं होतं. "बाजूला-व्हा आले का?" असं लोक एकमेकांना विचारत, आणि दादा दिसले की "या दादा" म्हणत.

वहिनी या धंद्यात आल्या त्या चादरींच्या पायी. घरी शिवणयंत्रावर त्या आजूबाजूच्या बायकांचे कपडे शिवत. एके दिवशी कपाट उघडलं तर त्यांच्या दोन चांगल्या पांढऱ्या चादरी गायब. दादा त्या घेऊन गेले होते. गडद गाडीच्या शेजारी पांढरं कापड ताणून धरलं, की हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत उजेडाची एक सरळ स्वच्छ रेघ उमटते, असा त्यांचा शोध. वहिनी तावातावाने आवारात पोचल्या. बघतात तर चादरी काठ्यांना सुतळीने बांधलेल्या, वाऱ्यावर फडफडताहेत, आणि दादा त्यांच्यामागे धावताहेत. त्यांनी कपाळावर हात मारला. एक काठी धरली, चादर ताणली, आणि म्हणाल्या, "काढा आता काय काढायचं ते. आणि उद्या मी शिवून देते नीट. असं कुणी बांधतं का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच शिवून दिलं. भलंमोठं पांढरं कापड, दोन्ही कडांना काठ्या सरकवायला दुहेरी शिवण, खाली वजनासाठी वाळूच्या पुरचुंड्या. एक काठी जमिनीत पुरलेल्या नळीत उभी करायची, दुसरी हातात धरून कापड ताणायचं. त्या दिवसापासून कापडाच्या मागे वहिनी. बाहेर सगळा तमाशा चालू आणि त्या पांढऱ्या भिंतीमागे उभ्या. कापड जागेवर आलं की विचारायच्या, "साफ?" दादा कॅमेऱ्यातून बघायचे. वहिनींचं बोट, पदराचं टोक, चपलेचा अंगठा, काहीही गाडीवर उमटलेलं असलं की आवाज यायचा, "अगं, बाजूला हो!" त्या आत सरकायच्या. मग दादा म्हणायचे, "साफ," आणि बटण दाबायचे.

तो "बाजूला हो" वहिनींना मनापासून आवडत नसे. चारचौघांत नवऱ्याने असं खेकसायचं म्हणजे काय? पहिली काही वर्षं त्यांनी त्यावरून अबोलाही धरून पाहिला. दादांच्या तो ध्यानातच आला नाही, तेव्हा सोडून दिला. मनात मात्र कुठेतरी होतं. नवरा दिसेल ते टिपणारा, आणि आपली हुशारी कसली, तर न दिसण्याची.

मग कधीतरी, नेमकं कधी ते वहिनींनाही सांगता येणार नाही, एका करड्या गाडीच्या फोटोत निळी बादली आली. बंपरवर, कडेला, चांगली गुटगुटीत. मालकाने हसत दाखवली. दादांनी धुलाईवाल्यावर तोंडसुख घेतलं, "मी बघितलं तेव्हा नव्हती, मागून आणून ठेवली." धुलाईवाला बिचारा कानांवर हात ठेवून उभा. पण वहिनींना आठवत होतं. बादली आधीपासून तिथेच होती. दादांनीही बघितली असणार आणि ती तशीच हवी असेल, असं त्यांना वाटलं होतं, कारण दादांच्या नजरेतून बादली सुटेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. या माणसाला एका नजरेत अख्खी गाडी दिसायची, दाराच्या मुठीवर बसलेल्या माशीसकट.

त्यानंतर वहिनी बघू लागल्या. गाडीकडे नाही, दादांकडे. चहाची बशी ठेवताना हात आधी टेबलाची कड चाचपायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, नेहमी उजवाच. रस्त्यात बाजूने कुणी आलं की दचकायचे.

त्यांनी विचारून पाहिलं. "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

"माझे?" दादा म्हणाले. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "ती बघ, पार कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी. खालची बारीक ओळ वाचून दाखवू?" आणि वाचून दाखवली, घडाघडा. वहिनींना वरचं मोठं अक्षरही धड लागत नव्हतं. "तुझेच दाखवून ये," दादा म्हणाले. विषय संपला. या माणसाच्या हट्टापुढे शहाण्याने हात टेकावेत.

मग वहिनींनी दुसरी वाट धरली. कापड उभं करण्याआधी त्या गाडीभोवती एक चक्कर मारायच्या. म्हणायच्या, "कापडाला सुरकुती आहे का बघते." आणि जाता जाता बादली उचलायच्या, झाडू लांब ठेवायच्या, समोर रेंगाळणाऱ्याला खुणेने हाकलायच्या. दादांना ताकास तूर लागू दिली नाही. फोटो पुन्हा पूर्वीसारखे येऊ लागले. मालक खूश, दादा खूश. वहिनींनाही, खोटं कशाला बोला, थोडा अभिमान वाटायचा. इतकी वर्षं आपण स्वतःला लपवलं, आता ह्यांचं दुखणं लपवतोय, आणि तेही बेमालूम.

हा अभिमान नणंदेने उतरवला. दादांची थोरली बहीण राहायला आली होती. जेवायला उठताना दादांचा खांदा चौकटीला लागला, आणि ती हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिली. दादा हात धुवायला गेले तशी ती हळूच म्हणाली, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं गं. आधी चौकटी लागायला लागल्या. आम्ही घरातलं सामानच हलवलं, त्यांना लागू नये म्हणून. वाट मोकळी करून दिली. त्यांना कळलंच नाही, आणि आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

सासऱ्यांना वहिनींनी पाहिलं होतं ते शेवटच्या वर्षांत. दाराशी खुर्ची टाकून बसलेले, आवाजाच्या दिशेने तोंड फिरवणारे. दादा त्यांच्याजवळ फार वेळ बसत नसत. बसलेच तर स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसत. वहिनींना तेव्हा ते कठोर वाटले होते. आता कळलं की ते घाबरलेले होते.

नणंद गेली. वहिनींच्या मनात आलं, आपणही सामानच हलवतोय, नुसती वाट मोकळी करून देतोय. सांगावं, तर हा माणूस पुन्हा ती दुकानाची पाटी वाचून दाखवणार. शब्दांवर त्याचा विश्वास नव्हताच कधी. त्याचा विश्वास फक्त फोटोवर.

तेव्हा एक काळी गाडी आली होती. नवी म्हणून खपेल अशी, रंग इतका खोल की तिच्यात बघून भांग पाडावा. मालकाला तिचा फोटो आवाराच्या मोठ्या फलकावर लावायचा होता. ऊन उतरलं. वहिनींनी चक्कर मारली, बादली उचलली, कापड उभं केलं. "साफ?" "साफ." दादांनी पुढून काढले, कोपऱ्यातून काढले, गुडघे टेकून काढले. फलकाला लागणारे सगळे फोटो झाले. मग ते नेहमीसारखे म्हणाले, "एक जादा." काम संपल्यावर एक फोटो जादा काढायची त्यांची सवय होती, एखादा बिघडलाच तर हाताशी असावा म्हणून.

वहिनींनी हातातली काठीही जमिनीतल्या नळीत खोचली आणि त्या कापडामागून बाहेर आल्या. गाडीच्या मागच्या दारासमोर उभ्या राहिल्या. दार आरशासारखं होतं. त्यांना आपण दिसलो, पूर्ण, केसांपासून चपलांपर्यंत. पाठीमागे पांढरं कापड. पिवळी साडी नेसली होती. दादांच्या कामाला जाताना त्यांनी कधी पिवळं नेसलं नव्हतं.

"साफ?" त्यांनी विचारलं.

त्या वाट बघत होत्या. ओरडा, त्या मनात म्हणत होत्या. सगळ्या आवारासमोर ओरडा. म्हणा बाजूला हो. काय अक्कल बिक्कल आहे का म्हणा. जन्मात पुन्हा राग धरणार नाही. दादा कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते. भिंगावरची काच हळू फिरवत होते. मागच्या दाराचं चित्र त्यांच्या चौकटीत उजव्या कडेला येत असणार, अगदी स्पष्ट.

"साफ," दादा म्हणाले. बटण दाबल्याचा आवाज आला. वहिनी तिथेच उभ्या राहून रडल्या, आणि तेही त्यांना दिसलं नाही. दादा पिशवी भरत होते.

फोटो ते सकाळी बघत, ताज्या डोळ्यांनी. सकाळी ते संगणकासमोर बसले. वहिनी शिवणयंत्राशी सुईत दोरा ओवत बसल्या, आणि तो काही केल्या ओवला जाईना. फोटो एकामागून एक सरकत होते. दादा मधूनच "वा" म्हणत होते. मग ते थांबले.

वहिनींनी मान वर केली. दादांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला होता. मग तो काढून डाव्यावर ठेवला. डावा झाकून ते पडद्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"तू कधी बाहेर आलीस?"

"तुम्ही साफ म्हणायच्या आधी."

"मी बघितलं होतं."

"हो. बघितलंत तुम्ही."

दादांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. पिवळी साडी नेसलेली बायको काळ्या दारातून त्यांच्याकडे बघत होती. "ती बादली," ते म्हणाले. "नंतर परत कधी बादली आली नाही. तू उचलायचीस?"

"हो."

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

मग दादा चिडले. वहिनींनी त्यांना आयुष्यात इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं, आणि आवाज मात्र अजिबात चढला नाही. "म्हणजे ते फोटो माझे नव्हतेच," ते म्हणाले. "मी आपला मिरवतोय. लहान मुलाचा हात धरून गिरवून घ्यावं, तसं तू..." वहिनींनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने दादा म्हणाले, "बाबांसारखं?"

"मला काय कळतंय त्यातलं? विचारू या ना डॉक्टरांना."

दादा उठले, चपला शोधल्या. "चल," म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दादांची हनुवटी एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात टेकवली. आत बारीक दिवे लागत. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. वहिनी बाहेर बाकावर होत्या, दार अर्धवट उघडं. बटणाचा आवाज यायचा, टक. टक. मग काहीच नाही. आत दिवे लागत असणार, वहिनींना ठाऊक होतं, लागून विझत असणार, आणि दादा बोट तयार ठेवून शांत बसलेले. ती शांतता संपता संपत नव्हती. आयुष्यभर बटणावर बोट ठेवून बसलेला माणूस.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी कागदावर काढून समजावलं. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस मरत जाते, नजर कडेने खायला लागते. मधली शाबूत राहते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. उजवा जास्त गेलाय. "गेलेलं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "पण रोज थेंब घातले तर आहे ते राखता येईल, बहुतेक. थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं."

थोडं आधी. वहिनींना बाकीचं काही ऐकू आलं नाही. उन्हाळ्याच्या आधीपासून उचललेली एकेक बादली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. घरी जाताना रस्त्यातच त्यांना रडू फुटलं. "माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "मी झाकत बसले."

दादा थांबले. उजवीकडून सायकल आली, ती त्यांना दिसली नाही, वहिनींनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. "तू तेव्हा सांगितलं असतंस," दादा म्हणाले, "तर मी आलो असतो का?"

"नसता आलात."

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं, दोघांनाही माहीत होतं. काही गोष्टींची समजूत काढता येते, भरपाई होत नाही. दादांनी मात्र त्यावरून पुन्हा कधी ब्र काढला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचं काम वहिनींनी घेतलं. दादा खुर्चीत मान मागे टाकून बसत आणि थेंब पडायच्या आधीच डोळा मिटून घेत. "ओळखपत्राच्या फोटोला आलेलं गिऱ्हाईक बरं तुमच्यापेक्षा," वहिनी म्हणत. तो फोटो दादांनी पुसला नाही. मोठा करून आणला आणि दारामागची लाल गाडी उतरवून तिथे लावला. वहिनी म्हणाल्या, "डोळे रडवे आलेत माझे." दादा म्हणाले, "उजेड चांगला आलाय."

काम दादांनी सोडलं नाही, पण करायची रीत बदलली. आता अख्खी गाडी एका नजरेत मिळत नव्हती. तेव्हा ते पुस्तक वाचल्यासारखी वाचू लागले. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने खाली, मग बंपर, मग एकेक दार, मान हळू वळवत. वहिनींनी आधी फेरी मारायची नाही, बादलीला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. यात फार वेळ जायचा. कित्येकदा उजेड संपायचा आणि गाडी दुसऱ्या दिवसावर जायची. मालकाने घाईच्या गाड्यांसाठी दुसरा माणूस ठेवला. तोंडावर काही बोलला नाही, पण दादांच्या वाट्याला मोजक्या गाड्या येऊ लागल्या. दादांनी ते पचवलं. कसं, ते वहिनींनी विचारलं नाही.

अशीच एक गर्द निळी गाडी होती. वारा सुटला होता. आवारात चहाची वेळ, सगळे भिंतीशी पेले घेऊन उभे. वहिनी कापडामागे काठी आवळून धरून होत्या.

"साफ?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. हल्ली ते लगेच येतच नसे. वहिनी कापडाच्या विणीकडे बघत थांबल्या. पलीकडे दादांची मान वळत असणार, वरच्या कोपऱ्यातून, छपरावरून, काचेवरून. वाऱ्याने कापड फुगलं, पुन्हा ताणलं गेलं. चहा पिणाऱ्यांचं बोलणं थांबलं होतं. वहिनींना वाटलं, आता "साफ" म्हणतील. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अगं, बाजूला हो!" दादा ओरडले. "कोपर दिसतंय तुझं! मागच्या दारात!"

भिंतीशी कुणीतरी फस्सकन हसलं. वहिनींनी बघितलं. खरंच, डावं कोपर कापडाच्या कडेबाहेर होतं, बोटभर. ते आत घ्यायला हवं होतं. त्यांनी घेतलं नाही.

"ऐकतेस ना?"

"नाही ऐकू आलं," वहिनी कापडामागून म्हणाल्या. "वारा आहे. परत सांगा."

दादा परत ओरडले, आधीपेक्षा जोरात. मग वहिनींनी कोपर आत घेतलं, पदराने डोळे पुसले, आणि काठी पुन्हा घट्ट धरली.